अतिमानवांची शाळा

अमेरिकेतील क्नॉफ या नामांकित प्रकाशनसंस्थेने १९९२ च्या सप्टेंबरात डोना टार्ट नावाच्या लेखिकेची पहिली कादंबरी प्रसिद्ध केली. लेखिकेने तिशीही गाठलेली नव्हती, नाव कोणाला ठाऊक नव्हते, तरीही पहिली आवृत्ती ७५ हजार प्रतींची निघाली. कादंबरीचे नाव ‘द सीक्रेट हिस्टरी’. खुनी कोण हे शेवटच्या प्रकरणापर्यंत झाकून ठेवावे ही रहस्यकथेची जुनी रीत. या बाईंनी ती आरंभीच मोडली. कोण मेला आणि कोणी मारला हे सांगूनच कथा सुरू होते. मग वाचक पुढची पाचशे पाने वाचतो ती कशासाठी? चांगल्या घरची, ग्रीक-लॅटिन सहज वाचणारी, वागण्या-बोलण्यात सभ्य अशी मुले आपल्याच मित्राला दरीत लोटण्यापर्यंत कशी पोचली, एवढे एकच जाणून घेण्यासाठी.

टार्ट स्वतः मिसिसिपी राज्यातल्या एका लहान गावातून व्हर्माँट राज्यातील बेनिंग्टन कॉलेजात शिकायला आल्या आणि १९८६ साली पदवीधर झाल्या. कादंबरीची सुरुवात त्यांनी विद्यार्थिदशेतच केली होती. तिच्यातले हॅम्पडेन कॉलेज काल्पनिक, पण तेही व्हर्माँटमध्येच. तेथे ज्यूलियन मॉरो नावाचा ग्रीकचा प्राध्यापक आहे. तो विद्यार्थी निवडून घेतो, आणि घेतो तेही जेमतेम पाच. एकदा घेतले की त्या मुलांनी जवळजवळ सारे विषय त्याच्याकडेच शिकायचे, बाकीच्या कॉलेजाशी संबंध नावापुरता. हेन्री, फ्रान्सिस, बनी आणि चार्ल्स-कॅमिला ही जुळी भावंडे असा हा गट. त्यात सहावा येतो तो कथा सांगणारा रिचर्ड पेपन.

माझ्या मते कादंबरीची खरी किल्ली या रिचर्डजवळ आहे. त्याच्या वडिलांचा कॅलिफोर्नियातील एका नीरस गावात पेट्रोलपंप. घरी पुस्तकांचे प्रेम नाही आणि मुलाविषयी फारशी आस्थाही नाही. आर्थिक मदत मिळवून तो कॉलेजात येतो आणि पहिल्या दिवसापासून आपल्या घराविषयी खोटे बोलू लागतो. ग्रंथालयात ही मुले एका ग्रीक वाक्याच्या विभक्तीशी अडलेली असतात, तेथे हा योग्य विभक्ती सुचवतो, आणि दार किलकिले होते. पुढे हिवाळ्याच्या सुटीत त्याच्याकडे घरी परतण्याची इच्छा नाही आणि भाड्याला पैसे नाहीत. छपराला भोक पडलेल्या एका खोलीत तो महिनाभर गारठत राहतो, न्युमोनिया होतो, पण आपण गरीब आहोत हे कोणाला सांगत नाही. हेन्री त्याला शोधून काढतो आणि इस्पितळात नेतो. एवढ्या उपकारानंतर हेन्रीने काहीही मागितले तरी रिचर्ड नाही म्हणू शकेल काय? निवडक मंडळींत बसायला जागा मिळाली की माणूस त्या जागेची किंमत कशाने फेडतो, हे लेखिकेने फार बारकाईने दाखवले आहे.

पुढची हकीकत थोडक्यात सांगतो. ग्रीकांचा डायोनायसस हा मद्याचा आणि उन्मादाचा देव. त्याच्या उपासनेत भान हरपून रानोमाळ धावत सुटण्याची प्रथा होती. युरिपिडीझच्या ‘बॅकी’ नाटकात अशाच उन्मादात आगावे ही आई आपल्या पोटच्या पोराला, पेंथियस राजाला, हातांनी फाडून टाकते. हे नाटक वर्गात शिकणे निराळे आणि रात्री जंगलात जाऊन तो विधी करून पाहणे निराळे. हेन्री आणि इतर तिघे दुसरे करतात. त्या रात्री वाटेत आलेला एक शेतकरी मरतो. बनी त्या वेळी नव्हता, त्याला नेलेच नव्हते. पुढे हेन्रीच्या खर्चाने रोमला गेला असताना तो हेन्रीची लॅटिनमधली रोजनिशी वाचतो आणि त्याला सारे कळते. मग टोमणे, पैशांच्या मागण्या, चारचौघांत सूचक बोलणे. बनीचे तोंड बंद करण्यासाठी एप्रिलमध्ये त्याला दरीत लोटले जाते, अवेळी पडलेल्या बर्फात प्रेत दहा दिवस झाकून राहते, आणि शेकडो माणसे त्याला शोधत असतात.

येथे एक गोष्ट आपल्यासारख्या दुभाषी मुलखातल्या वाचकाच्या चटकन लक्षात येईल. या मुलांना ग्रीक ही केवळ विद्या राहिलेली नाही, ते त्यांचे कुंपण झाले आहे. परक्यांसमोर कळू द्यायचे नाही असे काही असले की ती ग्रीकमध्ये बोलतात. आपल्याकडे घरात मराठी, बाजारात कानडी आणि कचेरीत इंग्रजी. पाहुण्यांदेखत साखर संपल्याचे सांगायला कोणती भाषा वापरायची हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक असते. त्यात पाप नाही. पण जी भाषा दुसऱ्याशी बोलण्यासाठी शिकायची तीच दुसऱ्याला बाहेर ठेवण्यासाठी वापरली जाऊ लागली, आणि बाहेर ठेवण्यातच तिचा मोठेपणा वाटू लागला, की काय होते याचा हा एक टोकाचा दाखला आहे. इंग्रजीचे असे कुंपण आपण आपल्या डोळ्यांदेखत उभे राहिलेले पाहिले आहे. असो.

कादंबरी म्हणजे कल्पनेचा खेळ, असे म्हणून पुस्तक मिटता आले असते. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तसे करता येत नाही, कारण तिच्या ६८ वर्षे आधी शिकागो शहरात अशीच एक गोष्ट खरोखर घडली होती. टार्ट यांनी कथा तेथूनच उचलली असा माझा दावा नाही. एकाच रोगाचे दोन रोगी असू शकतात, आणि त्यांतला एक कागदोपत्री सिद्ध आहे, एवढेच म्हणायचे आहे.

शिकागोच्या दक्षिण भागातील केनवुड ही तेव्हाची धनिकांची वस्ती. नेथन लिओपोल्डचे वडील खोक्यांचे मोठे कारखानदार, तर रिचर्ड लोबचे वडील सिअर्स रोबक या प्रचंड व्यापारी कंपनीचे उपाध्यक्ष. दोन्ही मुले ‘असामान्य’. लोब चौदाव्या वर्षी विद्यापीठात दाखल झाला आणि सतराव्या वर्षी मिशिगन विद्यापीठाचा पदवीधर झाला. लिओपोल्ड अठराव्या वर्षी शिकागो विद्यापीठातून सन्मानाने पदवी घेऊन तेथेच कायदा शिकत होता, आणि पुढे हार्वर्डला जाण्याचे ठरले होते. अनेक भाषा येत असल्याचा त्याला अभिमान होता. पक्षिशास्त्रात तर त्याने खरोखरच काम केले होते. कर्टलंडचा वॉर्बलर या दुर्मिळ पक्ष्याच्या विणीच्या प्रदेशात जाऊन त्याने जे निरीक्षण केले, ते ‘द ऑक’ या मान्यवर नियतकालिकात १९२४ च्या जानेवारीत छापून आले. काऊबर्ड नावाचा पक्षी, आपल्याकडच्या कोकिळेसारखा, या वॉर्बलरच्या घरट्यात अंडी घालतो आणि त्याच्या पिलांच्या जिवावर उठतो, ही गोष्ट त्याने नोंदवली होती. एकोणीस वर्षांच्या मुलाच्या मानाने हे काम थोडे नव्हे.

लोबची आवड निराळी होती. लपूनछपून वाचलेल्या गुप्तहेरकथांतून त्याने पकडला न जाणारा गुन्हेगार हा आपला आदर्श बनवला होता. लिओपोल्ड लोबच्या पूर्ण कह्यात होता. ती साधी मैत्री नव्हती, आसक्ती होती, आणि दोघांत एक करारही झाला होता. लोबने जवळीक द्यायची आणि बदल्यात लिओपोल्डने त्याच्या गुन्ह्यांत साथ द्यायची. येथे दोष प्रेमाचा नव्हे, प्रेमाचे असे देवाणघेवाणीचे खाते उघडण्याचा आहे. या कराराला तत्त्वज्ञानाचे लुगडे नेसवले ते लिओपोल्डने. नीत्शेच्या वाचनातून त्याने एवढेच उचलले की, श्रेष्ठ गुणांचा जो अतिमानव असतो त्याला सामान्यांचे कायदे लागू नसतात. लोबला लिहिलेल्या एका पत्रात त्याने हे लेखी मांडले, आणि पुढे ते पत्र न्यायालयात वाचले गेले.

नीत्शेच्या बाजूने दोन शब्द येथेच सांगितले पाहिजेत. त्याचा अतिमानव प्रथम स्वतःवर मात करणारा आहे. शेजारच्या पोराला मारणे हे त्याचे लक्षण नव्हे. शिवाय या विचाराला नीत्शेच हवा असेही नाही. ‘क्राइम अँड पनिशमेंट’ ही दस्तयेवस्कीची कादंबरी १८६६ ची, आणि नीत्शेचा ‘झरथुष्ट्र’ १८८३ पासून पुढचा. सामान्य आणि असामान्य अशी माणसांची वाटणी करून सावकारणीवर कुऱ्हाड उचलणारा रास्कोल्निकोव्ह त्याच्या कितीतरी आधीचा आहे.

१९२३ च्या नोव्हेंबरात दोघांनी मिशिगनला जाऊन लोबच्याच जुन्या विद्यार्थी-वसतिगृहात चोरी केली. पैसे, किरकोळ वस्तू आणि अंडरवुड कंपनीचा एक लहान टंकलेखन-यंत्र असा ऐवज हाती आला. मग काही महिने ‘परिपूर्ण गुन्ह्या’ची आखणी चालली. खोट्या नावाने मोटार भाड्याने घ्यायची, खंडणीचे पत्र टंकलिखित करायचे, दहा हजार डॉलर मागायचे, पैसे धावत्या आगगाडीतून ठरल्या जागी फेकायला लावायचे, इथवर तपशील ठरला. फक्त मारायचे कोणाला हे ठरले नव्हते! ज्याचे प्राण जाणार होते तो त्यांच्या लेखी या योजनेतला सर्वांत बिनमहत्त्वाचा भाग होता.

२१ मे १९२४ च्या दुपारी मोटार घेऊन दोघे केनवुडमध्ये शाळा सुटण्याच्या सुमारास घिरट्या घालत होते. चौदा वर्षांचा बॉबी फ्रँक्स मुलांच्या बेसबॉल सामन्यात पंचगिरी करून घरी पायी चालला होता. नात्याने तो लोबचा दूरचा भाऊ, लोबच्या घरच्या टेनिस कोर्टवर खेळायला येणारा. एका रॅकेटविषयी विचारायचे आहे असे सांगून लोबने त्याला गाडीत बोलावले. गाडीतच पटाशीने घाव घालून त्याला मारण्यात आले. वुल्फ लेकजवळच्या दलदलीत रेल्वेमार्गाखालच्या मोरीत त्यांनी प्रेत दडवले, ओळख पटू नये म्हणून अंगावर आम्ल ओतले. रात्री बॉबीच्या आईला फोन गेला, सकाळी खंडणीचे पत्र आले. पैसे पोचायच्या आतच एका मजुराला मोरीतून बाहेर आलेले पाय दिसले.

प्रेताजवळ एक चष्मा पडला होता. भिंग साधे, चौकट साधी. पण तिची बिजागरी विशिष्ट बनावटीची होती. शिकागोतल्या एकाच दुकानात तशी चौकट मिळत असे आणि तसे तीनच चष्मे विकले गेले होते. त्यांतला एक लिओपोल्डचा. पक्षी पाहायला त्या भागात नेहमी जातो, तेव्हा खिशातून पडला असेल, असे त्याने शांतपणे सांगितले, आणि हे पटण्याजोगे होते. त्या दिवशी कोठे होतात, तर आपल्याच मोटारीतून हिंडत होतो, असे दोघांनीही सांगितले. तेव्हा लिओपोल्डच्या घरचा मोटारचालक पुढे आला. मालकाच्या मुलाला आपल्या बोलण्याने मदतच होईल अशी बिचाऱ्याची समजूत. त्याने सांगितले की, त्या दिवशी ती मोटार घराबाहेर गेलीच नव्हती, तिचे ब्रेक दुरुस्त करण्यात तो गुंतला होता. दिवस पक्का कसा आठवतो? मुलगी आजारी होती, त्या दिवशीच्या औषधाच्या चिठ्ठीवर तारीख आहे. लिओपोल्ड अभ्यासमंडळात कायद्याची टिपणे काढून देत असे. ती ‘शिकागो डेली न्यूज’च्या दोन तरुण वार्ताहरांनी मिळवली, आणि त्यांतल्या काही पानांची अक्षरे खंडणीच्या पत्राशी तंतोतंत जुळली. त्या दोघांना पुढे १९२५ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. ३१ मे उजाडेपर्यंत दोघेही कबूल झाले होते. परिपूर्ण गुन्हा दहा दिवस टिकला.

या तपासातील एक गोष्ट मला शिक्षक म्हणून विसरता येत नाही. खंडणीचे पत्र फार चांगल्या इंग्रजीत लिहिलेले होते, म्हणून पोलिसांनी पहिला संशय धरला तो बॉबीच्या शाळेतल्या शिक्षकांवर. त्यांना ताब्यात घेऊन कित्येक दिवस सक्तीने जाबजबाब घेतले गेले. एवढी शुद्ध भाषा लिहिणारा गुन्हेगार म्हणजे नोकरीतला, पोटापुरते मिळवणारा मास्तरच असणार, श्रीमंताचा मुलगा नसणार, हा तर्क! आणि लोब मात्र त्याच दिवसांत वार्ताहरांबरोबर हिंडून तपासाला ‘मदत’ करीत होता.

आता खटला. मुलांच्या वतीने क्लॅरन्स डॅरो उभे राहिले. वय ६७, फाशीच्या शिक्षेचे आयुष्यभराचे विरोधक, गरिबांचे आणि कामगारांचे वकील म्हणून देशभर नाव. त्यांनी गुन्हा कबूल करून टाकला, म्हणजे ज्यूरीचा प्रश्न मिटला आणि शिक्षा किती एवढेच न्यायाधीश जॉन कॅव्हर्ली यांच्या हाती राहिले. सरकारी वकील रॉबर्ट क्रो यांचा रोख सरळ होता: लाडावलेली, थंड डोक्याची, पैशासाठी खून करणारी ही मुले; फाशीच द्या. बाहेर लोक विचारत होते की हीच मुले गरीब असती तर त्यांना एवढे वैद्य आणि एवढा मोठा वकील मिळाला असता काय. प्रश्न चुकीचा नव्हता, आणि त्याचे उत्तर डॅरोंच्या भाषणातही सापडत नाही.

ऑगस्टच्या शेवटी डॅरो तीन दिवस मिळून सुमारे बारा तास बोलले. त्यात त्यांनी एक युक्तिवाद केला, तो आजही शिक्षणक्षेत्रातल्या माणसाला बोचावा. विद्यापीठात जे तत्त्वज्ञान शिकवले गेले ते एखाद्या मुलाने खरे मानले, तर त्यासाठी त्या एकोणीस वर्षांच्या मुलाला फासावर चढवणे न्याय्य होईल काय? मुलापेक्षा पुस्तक छापणारे आणि विद्यापीठ अधिक जबाबदार नाहीत काय? पुढच्याच वर्षी, १९२५ च्या जुलैमध्ये, टेनेसीत डार्विनचा सिद्धान्त शिकवणाऱ्या स्कोप्स या शिक्षकावर खटला झाला. तेथे डॅरो शिक्षकाच्या बाजूने होते, आणि विरुद्ध बाजूच्या ब्रायन यांनी डॅरोंचे हेच शब्द त्यांच्यावर उलटवले: पाहा, वाईट शिकवण मुलांना बिघडवते हे तुम्हीच सांगितलेत! डॅरोंनी त्याच भाषणातला पुढचा भाग वाचून दाखवला. एखाद्याचे डोके बिघडले म्हणून विद्यापीठे बंद करता येत नाहीत, त्यांना दोषी धरता येत नाही, असेही ते शिकागोत बोलले होते. दोन्ही वाक्ये एकाच माणसाची, आणि दोन्हींत थोडे थोडे तथ्य आहे.

शिकवणाऱ्याचा दोष किती, हा वाद ग्रीकांइतकाच जुना आहे. इसवी सन पूर्व ३९९ मध्ये अथेन्सने सॉक्रेटिसला मृत्युदंड दिला. आरोपांपैकी एक तरुणांना बिघडवल्याचा होता. पन्नास वर्षांनंतर एस्किनीझ हा वक्ता अथेन्सकरांना स्पष्टच सांगतो की, सॉक्रेटिस मारला गेला तो क्रिटियसचा गुरू म्हणून. क्रिटियस हा इसवी सन पूर्व ४०४ मधल्या तीस जुलमी सत्ताधाऱ्यांचा म्होरक्या. श्रीमंत, कवी, बुद्धिमान, आणि एके काळी सॉक्रेटिसच्या बैठकीत बसणारा. पण सॉक्रेटिसची बैठक भर बाजारपेठेत भरे. चांभार, लोहार यांची उदाहरणे देऊन तो बोले आणि आपल्याला काही कळत नाही असे म्हणे. कादंबरीतला ज्यूलियन ग्रीकांचाच वारसा सांगतो, पण दार लावून. बाहेरचे जग कुरूप, ते विसरून चार निवडक जीवांनी सौंदर्याची उपासना करावी, आत्मविस्मृतीचा उन्माद हा ग्रीकांचा खरा ठेवा, असे तो रंगून सांगतो. मुलांनी ते मनावर घेतले आणि त्याच्या परिणामांचा पुरावा त्याच्या हाती पडला, तेव्हा हा गुरू काय करतो? बनीने मरण्यापूर्वी लिहिलेले पत्र त्याला उशिरा मिळते. प्रथम त्याला ते बनावट वाटते. मग शेवटच्या कागदावर रोमच्या हॉटेलचे छापील नाव दिसते आणि सारे उमगते. तो पोलिसांकडे जात नाही, मुलांना जाब विचारत नाही, त्यांना धीरही देत नाही. तो गाव सोडून निघून जातो, एवढेच. सॉक्रेटिसला तुरुंगातून पळून जाण्याची सोय मित्रांनी करून दिली होती, तरी तो राहिला. कादंबरीतल्या दोन खुनांपेक्षा हे पळणे मला अधिक नीच वाटते.

शिकागोच्या प्रकरणावर पुढे जी नाटके-कादंबऱ्या निघाल्या त्यांतही मास्तर येतोच. पॅट्रिक हॅमिल्टनच्या ‘रोप’ या १९२९ च्या नाटकावरून आल्फ्रेड हिचकॉकने १९४८ साली चित्रपट काढला. त्यात खून करणाऱ्या दोघांचा शाळेतला जुना शिक्षक जेम्स स्टुअर्टने केला आहे. श्रेष्ठांना खून करण्याचा हक्क असावा असे तो गमतीने बोलत आलेला. पेटीतले प्रेत पाहिल्यावर त्याला आपलेच बोलणे ऐकवेनासे होते. वर्गात टाळ्या मिळवण्यासाठी बोललेली वाक्ये कोणत्या बाकावर कशी रुजतात, याचा हिशेब आपण शिक्षक सहसा ठेवत नाही. लिओपोल्ड-लोबच्या बाबतीत तसा एकही शिक्षक दाखवता येत नाही. तेथे गुरू नव्हता, पण निवड होती. शाळेने निवडले, घराने निवडले, विद्यापीठाने निवडले; वयाने तीन-चार वर्षे मोठ्या मुलांत नेऊन बसवले आणि तू इतरांसारखा नाहीस हे रोज सांगितले. आपल्याकडेही हुशार पोराला एकदम दोन इयत्ता वर चढवण्याची प्रथा होती, आणि ‘अ’ तुकडी निराळी काढण्याची तर कित्येक शाळांत मुरलेली रीत आहे. गणित लवकर येते म्हणून मुलाला वर चढवावे. पण त्याच्याबरोबर मधल्या सुटीत डबा खाणारी मुले बदलतात याचा विचार पालक करीत नाहीत आणि मुख्याध्यापकाच्या खोलीतही तो क्वचितच होतो. अशी प्रत्येक मुले बिघडतात असे मुळीच नाही. बहुतेक चांगलीच निघतात. पण ‘ब’ आणि ‘क’ तुकडीतल्या मुलांची नावेही ‘अ’ तुकडीतल्या मुलाला माहीत नसणे ही फार लहान गोष्ट आहे असे मला वाटत नाही. लोब आणि लिओपोल्ड यांना बॉबीचे नाव माहीत होते, तेही उपयोगी पडले नाही.

१० सप्टेंबर १९२४ रोजी निकाल लागला. नीत्शे, मानसशास्त्र, ग्रंथी यांपैकी कशाचाही आधार न घेता न्यायाधीशांनी मुख्यतः आरोपींचे कोवळे वय पाहून फाशी टाळली आणि खुनासाठी जन्मठेप व अपहरणासाठी ९९ वर्षे अशी शिक्षा दिली. मला हा निकाल योग्य वाटतो. अठरा-एकोणीस वर्षांची मुले रोज पाहणाऱ्याला दुसरे काही वाटू नये.

तुरुंगात दोघांनी मिळून कैद्यांसाठी टपालाने शिकवण्याची शाळा चालवली. २८ जानेवारी १९३६ रोजी लोबला एका सहकैद्याने वस्तऱ्याने मारले. लिओपोल्ड ३३ वर्षांहून अधिक काळ आत होता. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात मलेरियावरच्या औषधांच्या प्रयोगासाठी त्याने स्वतःला टोचून घेतले. मार्च १९५८ मध्ये सुटल्यावर तो पोर्तो रिकोच्या डोंगराळ भागात एका मिशनच्या इस्पितळात अल्प वेतनावर तंत्रज्ञाचे काम करू लागला, विद्यापीठातून एम.ए.च्या तोडीची पदवी घेतली, आणि १९६३ साली त्या बेटांवरच्या पक्ष्यांची यादी प्रसिद्ध केली. मेयर लेव्हिन या त्याच्याच विद्यापीठातल्या समकालीन लेखकाने १९५६ मध्ये ‘कम्पल्शन’ ही कादंबरी लिहून त्याचे प्रकरण पुन्हा जगासमोर आणले, तेव्हा आपले खासगी जीवन विकले म्हणून त्याने दावा लावला. इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७० साली तो फेटाळला. पुढच्या वर्षी, २९ ऑगस्ट १९७१ ला, तो वारला.

एवढे सगळे त्या दोघांविषयी कळते. त्यांची पत्रे, त्यांच्या दाया, त्यांची स्वप्ने, त्यांच्या ग्रंथींची क्ष-किरण चित्रे, सारे छापले गेले आहे. कादंबरीतही तेच: हेन्रीची सिगारेट कोणती आणि कोट कसा हे वाचकाला पाठ होते, पण जंगलात मेलेल्या त्या शेतकऱ्याविषयी जवळजवळ काही कळत नाही. हुशार माणसाच्या पापात आपल्याला रस असतो, आणि इतिहासलेखनही या मोहातून सुटलेले नाही. हा लेखही नाही. बॉबी फ्रँक्सविषयी मला सांगता येते ते इतकेच: तो चौदा वर्षांचा होता, त्याला टेनिस आवडे, त्या दिवशी त्याने पंचाचे काम केले होते, आणि घर तेथून थोडेच पुढे होते.